उत्तनच्या किनाऱ्यावरून इटलीच्या बाजारात

१५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन शतके, साष्टीच्या उत्तर टोकाचा भाईंदर, डोंगरी, चौक, उत्तन हा पट्टा त्यांच्या अमलाखाली राहिला. चौकजवळचा धारावी किल्ला आणि गावोगावची चर्चे या काळाची साक्ष देतात. परंतु त्या राजवटीशी आलेल्या संबंधांतून मराठीत रुजलेले शब्द इटलीला जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या विशेष उपयोगी पडतात, कारण पोर्तुगीज आणि इटालियन या दोन्ही भाषा लॅटिनपासून निघालेल्या आहेत. चावी ही तिकडे ‘क्यावे’, साबण हा ‘सापोने’, पाव हा ‘पाने’, बटाटा हा ‘पाताता’, तर नाताळ हा ‘नाताले’ होतो. पगार हा शब्द ज्या क्रियापदावरून आला, त्याचेच भावंड असलेले ‘पगारे’ म्हणजे पैसे देणे. त्यामुळे ‘दोवे सि पागा?’, म्हणजे पैसे कुठे द्यायचे, हा प्रश्न मीरा रोडच्या माणसाला पाठ करावा लागू नये.

उच्चाराच्या बाबतीतही मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. इटालियन ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, आणि जोडव्यंजनावर जोर देण्याची सवय मराठी जिभेला मुळातच असते. ‘क्वान्तो कोस्ता?’ हा किंमत विचारण्याचा प्रश्न इंग्रजी वळणाने ‘क्वांटो कोस्टा’ असा म्हणण्याचे काहीच कारण नाही. फसवते ती लिपी: रोमन ‘सी’ पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आल्यास उच्चार ‘च’ होतो आणि मध्ये ‘एच’ आल्यास ‘क’, म्हणजे इंग्रजीच्या सवयीपेक्षा वेगळाच.

दुकानात शिरताच ‘बुओनजोर्नो’ आणि संध्याकाळी ‘बुओनासेरा’ म्हणणे हा तेथील शिष्टाचार आहे. अभिवादन न करता वस्तू हाताळू लागणारा ग्राहक उद्धट ठरतो. भाजीच्या दुकानात फळे स्वतः चाचपून पाहणे तर अनेकदा खपवून घेतले जात नाही, म्हणून बोट दाखवून ‘मेद्झो किलो’, म्हणजे अर्धा किलो, मागावे. चीज किंवा ऑलिव्ह घेताना ‘एत्तो’ हे माप कानावर पडते. ते शंभर ग्रॅमचे असून पाटीवरचा भाव कधी किलोचा, तर कधी एत्तोचा असतो, आणि हा फरक लक्षात न आल्यास बिल पाहून धक्का बसतो. कपड्यांच्या दुकानात ‘पोस्सो प्रोवारे?’ असे विचारून कपडा घालून पाहता येतो. कपड्याच्या मापाला ‘ताल्या’, तर बुटाच्या मापाला ‘नूमेरो’ म्हणतात.

घासाघीस मात्र जपून करावी. बहुतेक दुकानांत भाव ठरलेले असतात. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो बाजारातील चामड्याच्या ठेल्यांवर ‘मि फा उनो स्कोन्तो?’, म्हणजे काही सूट द्याल का, असे विचारायला हरकत नाही. ‘स्कोन्तो’ म्हणजे सूट आणि ‘स्कोन्त्रीनो’ म्हणजे पावती, आणि नवख्या माणसाकडून या दोहोंची गल्लत होणे अगदी साहजिक आहे. हिवाळी व उन्हाळी ‘साल्दी’, म्हणजे हंगामी सवलतविक्री, जानेवारीत आणि जुलैच्या सुमारास सुरू होते. तिच्या तारखा प्रांतवार ठरतात.

मोठ्या खरेदीत ‘ईवा’ या मूल्यवर्धित कराचा विचार करावा लागतो. त्याचा सर्वसाधारण दर २२ टक्के आहे आणि युरोपीय संघाबाहेरील रहिवाशाला त्याचा काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठीची किमान खरेदी फेब्रुवारी २०२४ पासून ७० युरोंच्या वर अशी खाली आणली गेली. दुकानात पारपत्र दाखवून ‘टॅक्स फ्री’ कागद मागावा लागतो आणि संघाबाहेर पडण्यापूर्वी वस्तू न वापरता सीमाशुल्क विभागापुढे ठेवावी लागते. पदपथावर चादर पसरून नामांकित छापाच्या नकली पिशव्या विकणाऱ्यांपुढे मात्र ‘नो, ग्रात्सिए’ एवढेच म्हणून पुढे व्हावे, कारण इटालियन कायद्यानुसार अशा मालाच्या ग्राहकालाही ७,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.