धंदा माझा, मग सरकार मध्ये कशाला?

आपल्या नात्याच्या बॅचमध्ये एका मुलाने विचारलं, "सर, भांडवल माझं, कष्ट माझे, बुडालं तर तेही माझंच. मग सरकार मध्ये कशाला?" व्हिडिओत उत्तर घाईत झालं, म्हणून इथे नीट लिहितोय.

भाव गिऱ्हाईक आणि दुकानदार मिळून ठरवतात, हे खरं. पण बाजार उभा राहायला काही कामं अशी लागतात, जी एकट्या दुकानदाराला जमत नाहीत.

1. मापाचा भरवसा

दुकान टाकलं त्या वर्षी माझ्या काट्याच्या पडताळणीची तारीख उलटून गेली होती. चूक माझीच. एक आजी किलोभर तूरडाळ घेऊन गेल्या आणि तासाभरात परत आल्या. "बाळा, डाळ कमी भरली रे." माझ्या काट्यावर किलो बरोबर, शेजारच्या काट्यावर कमी! मी डाळ भरून दिली, माफी मागितली. तरी आजी पुढचे कित्येक दिवस शेजारीच जात होत्या. दंड परवडला असता, ते नाही परवडलं.

वैधमापन विभागाचा शिक्का म्हणजे नुसता कागद नाही. अनोळखी माणूस आपल्याकडे न घाबरता माल घेतो, तो त्याच्या जोरावर. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पडताळून घ्या.

2. रस्ते आणि पूल

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल जून 2017 मध्ये सुरू झाला. असा पूल कोणता व्यापारी बांधेल? लागतो सगळ्यांना, पण खर्च करायला पुढे कोण येणार? म्हणून तो करातून होतो. आणि पूल बांधणं जसं सरकारचं काम, तसंच तो तपासणं आणि धोक्याचा असेल तर बंद करणंही. आपण कर भरतो, तेव्हा हे विचारायचा हक्कही आपलाच.

3. पंच

समजा, तुम्ही पुठ्ठ्याचे बॉक्स बनवून एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीला देता आणि पैसे अडकले. कंपनीशी तुम्ही एकटे कसे भांडणार? 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज. त्यासाठी माल देण्याआधीच उद्यम नोंदणी करून ठेवा. ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. लक्षात ठेवा, ही सोय माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या आपल्यासारख्या दुकानदारांना नाही.

सरकार एका बाजूला झुकलं तर?

तेही होतं, आणि आजचं नाही. आपण रायगडाच्या वाटेवरची माणसं, म्हणून महाराजांचंच उदाहरण घेऊ. 1671 साली पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडायचं, त्यामुळे व्यापारी तिकडे वळायला लागले. महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून त्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं, म्हणजे स्वराज्यातलं मीठ खपेल. आज परदेशी मालावर आयात शुल्क लागतं, त्यामागचा विचार हाच.

पण हिशोब पूर्ण मांडा. जकातीने मीठ पिकवणारा वाचतो आणि खाणाऱ्याला मीठ महाग पडतं. सरकारच्या प्रत्येक निर्णयात कुणाचा तरी फायदा असतो आणि त्याची किंमत कुणीतरी मोजतं. नवी योजना किंवा नवा कर आला की आधी बघा, आपण यात कुठल्या बाजूला आहोत?

शेवटचं सांगतो. सरकार मैदान आखून देईल, पंच देईल, पण गिऱ्हाईक आणून देणार नाही. अनुदान मिळेल म्हणून धंदा काढू नका. अनुदान नाही मिळालं तरी चालेल, असा धंदा काढा.

आजचा गृहपाठ: दुकानातल्या काट्यावरची तारीख बघा. आत्ताच!