मुळा भरलं म्हणून भिंगार निर्धास्त?

मुळा धरण भरल्याची बातमी आली की नगर-भिंगारमध्ये पाण्याचा विषयच संपतो. पुढच्या वीस-तीस वर्षांचा विचार मागे पडतो तो अशाच काही समजुतींमुळे.

गैरसमज: धरण भरलं, प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती: मुळा धरणाची क्षमता 26 टीएमसी आहे, पण ते सारं पाणी नळाला येत नाही. मृतसाठा, कालव्यांची आवर्तनं आणि बाष्पीभवन त्यातून वजा होतं, शिवाय गाळ दरवर्षी थोडी जागा खातो. त्यात खालच्या बाजूला मराठवाड्यात असलेल्या जायकवाडी धरणाचाही वाटा आहे. 2014 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशानुसार 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. 2023 च्या नोव्हेंबरात ते सोडावं लागलं. मराठवाड्याचीही तहान खरीच आहे. म्हणून दुष्काळी वर्षाच्या हिशेबात हा वाटा आधीच वजा करून ठेवायला हवा.

गैरसमज: भिंगारला पावसाने झोडपलं, आता काळजी नाही.
वस्तुस्थिती: मुळा नदी उगम पावते अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. धरण भरतं ते त्या डोंगरांतल्या पावसावर. तिथली झाडं तुटली, उतारावरची माती वाहिली, तर ती धरणाच्या तळाशी येऊन बसते. आपला पाणलोट आपल्याला दिसत नाही, एवढंच.

गैरसमज: पंचवीस वर्षांनंतरचं कुणी पाहिलंय?
वस्तुस्थिती: हे भविष्य सांगणं नव्हे. सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला तर? वस्ती वाढली तर? मुळेतून मिळणारं पाणी घटलं तर? अशा प्रत्येक शक्यतेला आपण काय करू, हे आज ठरवून ठेवायचं. 1972 च्या दुष्काळानंतर 2012-13 आणि 2015-16 ही वर्षंही जिल्ह्याने सोसली, तेव्हा या शक्यता कल्पनेतल्या नाहीत.

नगर तालुक्यातलंच हिवरे बाजार हे करून दाखवतं. गाव पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद मांडतं, पिण्याचं पाणी आधी राखतं आणि उरलेल्या पाण्यावर पिकं ठरवतं. पाऊस कमी झाला की पीकही कमी. उसाला आणि सिंचनासाठीच्या बोअरला तिथे गावानेच बंदी घातली आहे. नियम पाऊस पडायच्या आधी ठरलेला असतो, म्हणून भांडण होत नाही.

गैरसमज: नळाला नाही आलं तर बोअर आहेच.
वस्तुस्थिती: बोअर नवं पाणी निर्माण करत नाही, शेजाऱ्याच्याच भूजलातून उपसतं. म्हणूनच सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही. याउलट निजामशाहीत कापूरवाडी, भिंगार, शहापूर भागांतून खापरी नळांनी नगरला पाणी आणलं, तेही उताराच्या बळावर, उपसा न करता. जमिनीत मुरणाऱ्या पाण्याची जागा त्या काळच्या लोकांना ठाऊक होती.

आज पाणी मुरवणाऱ्या नाल्यांवर, तळ्यांवर बांधकामं चढण्याआधी त्यांच्या हद्दी नकाशावर पक्क्या करा आणि भिंगारची छावणी परिषद, नगरची महापालिका, पाटबंधारे खातं यांच्याकडे एकच मागणी लावून धरा: सलग दोन दुष्काळी वर्षांत भिंगारला पाणी कुठून, किती आणि कुणाच्या आधी मिळणार, हे लिहून जाहीर करा.