गोळी पोटात गेल्यावर

सकाळी ८.४० : हिंजवडीला कंपनीच्या बसमधून उतरले की चहाआधी फ्रीजर गाठायचा. उणे ८० अंशांवर तिथे मानवी यकृताचे मायक्रोसोम, म्हणजे औषधं मोडणारी विकरं असलेले पेशींचे सूक्ष्म अंश, ठेवलेले असतात. प्रत्यारोपणाला चालू न शकलेल्या यकृतांपासून ते तयार होतात, म्हणजे प्रत्येक कुपीमागे कुणाच्या तरी घरच्यांनी दुःखात दिलेला होकार आहे. नव्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. थेंबही वाया जाता कामा नये.

९.३० : आजचा रेणू मधुमेहावरचा आहे. मायक्रोसोमचं तांबूस तपकिरी, गढूळ द्रावण ३७ अंशांवर आणायचं, त्यात रेणू सोडायचा आणि शेवटी एनएडीपीएच. ते पडलं की विकरं कामाला लागतात. शून्य, पाच, पंधरा, तीस, साठ मिनिटांनी थोडं द्रावण उचलून बर्फगार अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये टाकायचं, की क्रिया तिथल्या तिथे थांबते. शेजारच्या ओळीत एनएडीपीएच नाही. तिसऱ्या ओळीत किटोकोनॅझोल आहे, ते सीवायपी३ए४ या विकराला अडवतं. या तासाभरात फोन घेत नाही, कुणाशी बोलतही नाही.

११ : सेंट्रिफ्यूज, मग नमुने मास स्पेक्ट्रोमीटरच्या रांगेत.

१.१५ : डबा.

२ : आलेख पडद्यावर येतात. मला दिवसातली ही वेळ सगळ्यांत प्रिय आहे. तिसाव्या मिनिटाला मूळ रेणू निम्म्याहून कमी उरलाय आणि वस्तुमान १६ ने वाढलेलं एक नवं शिखर उभं राहिलंय, म्हणजे कुठेतरी ऑक्सिजनचा एक अणू बसला. कुठे, ते यंत्रात रेणूचे जे तुकडे होतात त्यांवरून शोधायचं. पाऊण तासाने जागा सापडते : बेंझीनच्या कड्याचं मोकळं टोक. एनएडीपीएच नसलेल्या ओळीत रेणू जसाच्या तसा आहे, किटोकोनॅझोलच्या ओळीतही जवळजवळ तसाच. म्हणजे त्याला मोडण्याचं बरंचसं काम एकटं ३ए४ करतंय. द्रावणात मुद्दाम घातलेल्या ग्लुटाथायोनला चिकटलेलं काही दिसत नाही, हा दिलासा. पॅरासिटामॉलचा जो थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो, त्याला निष्प्रभ करतं ते ग्लुटाथायोनच; ते संपलं की यकृताच्या पेशी मरू लागतात. तसलं काही असेल तर ते इथेच कळायला हवं, रुग्णाच्या शरीरात नव्हे.

४ : रसायनवाल्यांबरोबर बैठक. "मॅडम, वाचेल का हो हा?" पहिला प्रश्न ठरलेला. त्या टोकाला हायड्रोजनऐवजी फ्लोरिन बसवून बघा, असं मी सुचवते. विकराला तिथे सहज हात घालता येणार नाही, पण विद्राव्यता कमी होऊ शकते, तेही मोजावं लागेल. तीन नवे रेणू करायचे ठरतात.

५.१५ : पेशींच्या खोलीत. यकृताच्या जिवंत पेशींवर रोज ताजं माध्यम आणि रिफाम्पिसिन घालायचं. रिफाम्पिसिनमुळे पेशी ३ए४ जास्त बनवू लागतात, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत ते तुलनेसाठी वापरतात. आपल्याकडे मात्र ते लाखो घरांत सकाळी उपाशीपोटी घेतलं जातं, टीबीसाठी, निदान सहा महिने. मधुमेह्यांना टीबीचा धोकाही जास्त. अशा रुग्णाने आमची गोळी घेतली तर यकृत तिचा लवकरच फडशा पाडेल आणि साखर चढेल. डॉक्टरांनी डोस वाढवला, तर टीबीचा कोर्स संपल्यावर दोनेक आठवड्यांत यकृत पूर्ववत होईल आणि तोच डोस जास्त पडेल. या परस्परक्रियेची तपासणी पुष्कळदा उशिरा होते, औषध माणसांपर्यंत पोचल्यावर. भारतात विकायच्या औषधाला ते परवडणारं नाही.

६.१० : प्रकल्पप्रमुखांना मेल. फ्लोरिनवाले तिन्ही रेणू आले की त्यांना मोडण्यात ३ए४चा वाटा किती, ते आधी मोजू. दुसऱ्या एखाद्या विकराकडेही वाट असलेला रेणू मिळाला तर तोच पुढे नेऊ, थोडा कमी प्रभावी असला तरी. प्राण्यांवरचे प्रयोग त्यानंतर. सोबत आजचे तिन्ही आलेख जोडले.