कुक्कुटपालकांचे प्रशिक्षण : फलित कसे मोजावे?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्ल्यू आढळला. भारतातील या रोगाची ती पहिली नोंद होय. आरंभी तेथील मरतूक मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगाची समजली गेली होती. भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीनंतर खरा रोग उघड झाला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात परसातील कोंबड्यांनाही त्याने गाठले. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे व पुन्हा नवापुरात तो उद्भवला. कुक्कुटपालकांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचा उपयोग किती होतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

वर्ग किती भरले, उपस्थिती किती होती, पत्रके किती वाटली, एवढ्यावरून याचे उत्तर मिळत नाही. वर्गापूर्वी व वर्गानंतर प्रश्नावली भरून घेणे त्याहून बरे. पण तीही अपुरीच. मांस ७० अंश सेल्सिअस तापमानाला नीट शिजविल्यास विषाणू नष्ट होतो, हे उत्तर लिहिणे सोपे आहे. मेलेली कोंबडी ओढ्यात न टाकता पुरणे, हे मात्र सवयीविरुद्धचे काम आहे.

खरी कसोटी वेळेची. पहिली असाधारण मरतूक दिसल्यापासून दवाखान्यात वर्दी पोहोचेपर्यंत किती तास गेले, याची नोंद ठेवावी. २००९ च्या प्राणिरोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने अशी वर्दी देणे पशुपालकावर बंधनकारक केले असून ग्रामपंचायतीलाही त्यात स्थान आहे. एखाद्या गावातून वर्दी येतच नाही, याचा अर्थ तेथे रोग नाही असाच घ्यावा काय? प्रशिक्षणानंतर वर्दींची संख्या वाढली आणि त्यांतील बहुतेक मानमोडीच्या निघाल्या, तरी ते प्रशिक्षणाचे अपयश नव्हे. उलट लोक बोलू लागल्याची ती खूण आहे.

लोक गप्प बसतात ते अज्ञानामुळेच असे नाही; सारा कळप मारला जाईल ही भीती त्यांना असते. नुकसानभरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणजे विलंबाने पालकाचेच नुकसान होते. ही गोष्ट वर्गात स्पष्टपणे सांगितली गेली का, हे मूल्यमापनात अवश्य विचारावे.

आणखी एक गोष्ट हजेरीपटावरूनच कळते. परसातील कोंबड्या सांभाळतात बहुधा स्त्रिया, आणि वर्गाला येतात पुरुष. तेव्हा सहा महिन्यांनी जी फेरतपासणी व्हावी, ती सभागृहात न होता खुराड्यापाशी, कोंबड्यांना दाणा घालणाऱ्या बाईला विचारूनच व्हावी.