फुटलेल्या जहाजाचं कलम

आंतरराष्ट्रीय कायद्याचा इतिहास आपल्याकडेही युरोपपासून शिकवला जातो. स्पेनचा व्हितोरिया, ऑक्सफर्डला शिकवणारा इटालियन जेंतिली, मग हॉलंडचा ह्यूगो ग्रोशियस. ही माणसं मोठी होतीच. पण या इतिहासात महाड तालुक्यातल्या रायगडालाही जागा हवी, असं मी ठामपणे म्हणेन.

१६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन चौलमार्गे रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला पोचला. शिवाजी महाराज तेव्हा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते. वकील तिथेच थांबला. बोलणी महाराजांच्या बाजूने निराजीपंतांमार्फत झाली, दुभाषी नारायण शेणवी. ६ जूनला राज्याभिषेक झाला आणि १२ जूनला तह.

या तहामागे एक जुनं प्रकरण होतं. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी आपलं निशाण लावून वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरच्या बाजूने गडावर तोफगोळे टाकले. व्यापारी म्हणून आलेल्यांनी युद्धात एक बाजू घेतली होती. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली, इंग्रजांना कैद केलं. त्यातले काही जण महाडजवळच्या सोनगडावरही होते. तरी रायगडावर राजापूरच्या नुकसानीपोटी दहा हजार होन देण्याचं ठरलं. तटस्थता मोडणाऱ्याला शिक्षा झाली, आणि नुकसानीचा हिशेबही मान्य झाला. आज ज्याला युद्ध आणि तटस्थता यांचा कायदा म्हणतात, तो हाच व्यवहार.

सगळ्यांत मोलाचं कलम मला वाटतं ते फुटलेल्या जहाजांचं. वादळाने किनाऱ्याला लागलेली आमची जहाजं आणि माल परत मिळावा, अशी इंग्रजांची मागणी होती. ऑक्झेंडनने नोंदवलेलं महाराजांचं उत्तर असं : असा माल परत करणं कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे आणि इंग्रजांना सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही तीच मागतील. एक मुद्दा पूर्वापार चालत आलेल्या प्रथेचा, दुसरा सर्वांना समान वागणुकीचा. कायद्याच्या पुस्तकांत आजही याच दोन गोष्टींवर पानंच्या पानं खर्ची पडतात. हा रिवाज काही कोकणापुरता नव्हता. इंग्लंडच्या १२७५ च्या कायद्यानुसार जहाजावरून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटलं तर ते जहाज बेवारस धरायचं नाही. नाहीतर माल राजाचा.

इंग्रजांच्या नाण्यांबाबत महाराजांचं उत्तरही तितकंच रोखठोक. तुमचं नाणं वजनाला आणि कसाला चोख असेल तर मी मनाई करणार नाही, पण नुकसान सोसून ते घ्या, अशी सक्ती रयतेवर करता येणार नाही.

ग्रोशियसचं ‘मारे लिबेरुम’ हे पुस्तक १६०९ मध्ये आलं. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, आणि पूर्वेकडच्या राजांची राज्यं त्यांची स्वतःची आहेत, पोर्तुगिजांची नव्हेत, असं त्याने मांडलं. त्यामागे डच कंपनीचा स्वार्थ होता, तरी पूर्वेच्या राजांचं सार्वभौमत्व त्याने मानलं हे विसरू नये. एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी ते दार बंद केलं. ‘सुधारलेली राष्ट्रं’ तेवढीच कायद्याच्या कुटुंबात, बाकीच्यांना मोजायचंच नाही. १८१८ च्या मेमध्ये रायगड इंग्रजांच्या हाती गेला, त्याच शतकाची ही विद्या. तिला खणखणीत उत्तर दिलं ते मद्रास विद्यापीठात शिकवलेल्या चार्ल्स अलेक्झांड्रोविच या पोलिश वंशाच्या विद्वानाने. सोळाव्या ते अठराव्या शतकांत युरोपीय आणि आशियाई सत्ता एकमेकींशी बरोबरीच्या नात्याने तह करत होत्या, हे त्याने १९६७ च्या ग्रंथात पुराव्यानिशी दाखवलं.

मराठ्यांचा एक तह तर हेगच्या न्यायालयातच वाचला गेला. दादरा-नगरहवेलीकडे जायचा रस्ता भारताने अडवला म्हणून पोर्तुगालने खटला भरला होता. १९६० च्या निकालात न्यायालयाने १७७९ चा मराठे-पोर्तुगीज तह दोघांवर बंधनकारक होता असं मानलं. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानातला तह नंतरच्या पद्धतींच्या मापाने तोलायचा नाही, हेही स्पष्ट केलं. पण त्या तहाने पोर्तुगिजांना तिथे मिळाला तो फक्त वर्षाला १२ हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम. मुलखाचं स्वामित्व मराठ्यांनी दिलंच नव्हतं. पोर्तुगिजांची सत्ता पुढे इंग्रजांनी मानली म्हणून टिकली, आणि त्या रस्त्याने सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असं न्यायालयाने ठरवलं.