जहाज सुटण्याच्या वेळेपासून मागे

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या माहितीपत्रकात रोम, फ्लॉरेन्स, अथेन्स अशी नावं ठळक छापलेली असतात. जहाज मात्र यांपैकी कुठल्याच शहराच्या मध्यावर लागत नाही. रोमसाठी ते चिवितावेक्कियाला थांबतं, फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला आणि अथेन्ससाठी पिरियसला. बंदरापासून शहरापर्यंत कसं जायचं, हे प्रवाशाने ठरवायचं. जहाजाची सहल घेतली तर धक्क्यावर बस उभी असते, सोबत गाइड असतो आणि ती बस वाटेत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. या शेवटच्या हमीचे पैसे सहलीच्या दरात धरलेले असतात. चौघांच्या कुटुंबाचा एका दिवसाचा आकडा पाहिला की पुष्कळ जण स्वतःहून जायचा विचार करू लागतात.

तो विचार चांगला आहे. या किनाऱ्यावरच्या बऱ्याच बंदरांजवळ रेल्वे किंवा मेट्रो आहे आणि तिचं तिकीट सहलीच्या मानाने अगदीच स्वस्त पडतं. फक्त आपल्यासाठी जहाज थांबणार नाही, हे धरून दिवस शेवटाकडून सुरुवातीकडे आखावा लागतो.

रोज संध्याकाळी केबिनमध्ये किंवा जहाजाच्या ॲपवर दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं. त्यात जहाज सुटायची वेळ असते आणि त्याच्या साधारण अर्धा तास आधीची ‘ऑल अबोर्ड’ची वेळ असते. आपल्या कामाची ही दुसरी वेळ. सकाळच्या बाजूलाही असाच फरक असतो. पत्रकात ‘आगमन ७’ असलं तरी दोर बांधून, स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून पाय जमिनीवर टेकेपर्यंत साडेसात-आठ होतात.

घड्याळाचंही बघावं लागतं. इटली आणि ग्रीस यांच्या वेळेत एक तासाचा फरक आहे. मोबाइल किनाऱ्यावरची वेळ आपोआप उचलतो, जहाज मात्र कधी कधी आपलीच वेळ चालू ठेवतं. म्हणून उतरताना दाराजवळच्या घड्याळाशी मनगटावरचं घड्याळ जुळवून घ्या आणि दिवसभर तेच पाहा.

आता चिवितावेक्कियाचा दिवस मांडून बघू. ऑल अबोर्ड संध्याकाळी साडेसहाला आहे असं धरा. रोम इथून सुमारे ७०-८० किलोमीटर, म्हणजे चर्चगेट ते विरारपेक्षा थोडं जास्तच. गाडीला सान पिएत्रो स्टेशनापासून पाऊण ते एक तास लागतो. परतीची अशी गाडी निवडायची, की ती रद्द झाली तरी तिच्यामागची गाडी आपल्याला वेळेत पोचवेल. साडेतीनला रोम सोडलं तर साडेचारच्या सुमारास चिवितावेक्किया. ती चुकली आणि साडेचारची मिळाली, तरी साडेपाचला स्टेशनात. तिथून जहाजापर्यंत अर्धा-पाऊण तास. म्हणजे साडेतीन ही खरी वेळ आणि साडेचार ही राखीव. सकाळी पावणेनऊच्या आसपास गाडीत बसलात, तर रोममध्ये हातात सहा तास उरतात.

बंदरातून स्टेशन गाठायची रीतही समजून घ्यायला हवी. जहाज शहरापासून बरंच आत, मालवाहू धक्क्यांच्या पलीकडे लागतं. तिथून पायी चालू देत नाहीत. मोफत शटल बस प्रवाशांना लार्गो देल्ला पाचे या थांब्यावर आणून सोडते. तिथून स्टेशनची बस मिळते, तिचं तिकीट वेगळं. पाय धड असतील आणि ऊन फार नसेल तर समुद्राच्या कडेने चालतही जाता येतं.

स्टेशनवर ‘बिर्ग’ मागा. हे दिवसभराचं तिकीट आहे. त्यावर प्रादेशिक गाडीने रोमला जाऊन येता येतं आणि रोमची मेट्रो, बस, ट्रामही चालते. वेगवान इंटरसिटी आणि फ्रेच्चा गाड्यांना ते चालत नाही, म्हणून फलाटावर आधी आलेल्या गाडीत घाईने चढू नका. कागदी तिकिटावर गाडीत बसण्याआधी शिक्का मारून घ्यावा लागतो. फलाटाच्या तोंडाशी भिंतीवर एक छोटं यंत्र असतं. तिकीट त्याच्या फटीत सरकवलं की करकर आवाज होतो आणि कडेला तारीख-वेळ उमटते. ती उमटली का, हे बाहेर काढून पाहायचं. शाई संपलेली असली तर शेजारचं यंत्र वापरायचं. शिक्का नसलेलं तिकीट सापडलं तर तपासनीस दंड लावतो, पर्यटक असल्याची सबब चालत नाही. मोबाइलवर घेतलेल्या प्रादेशिक तिकिटालाही चढण्याआधी ‘चेक-इन’ करावं लागतं.

पुढचं सगळं कुठल्या स्टेशनावर उतरता यावर ठरतं. बहुतेक लोक सवयीने शेवटच्या तेर्मिनीपर्यंत जातात. सेंट पीटर्स पाहायचं असेल तर त्याच्या बऱ्याच आधी सान पिएत्रोला उतरा. तिथून चौक पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. कोलोसियम पाहायचं असेल तर ओस्तिएन्सेला उतरा. शेजारीच पिरामिदे हे मेट्रोचं स्टेशन आहे आणि तिथून दुसरं स्टेशन कोलोसियमचं.

सहा तासांत कोलोसियम आणि व्हॅटिकनची संग्रहालयं दोन्ही उरकायचा हट्ट धरू नये, असं मी कळकळीने सांगेन. दोन्हींची तिकिटं ठरलेल्या वेळेची असतात, मधलं अंतर मोठं आहे आणि गाडी अर्धा तास उशिरा आली तर दोन्ही हातचं जातं. त्यापेक्षा एक जागा मनापासून पाहावी आणि उरलेला वेळ पायी फिरण्यात घालवावा. सेंट पीटर्सची सुरक्षा-तपासणीची रांग सकाळी लवकर सोसवते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपल्याकडची सुती ओढणी इथे फार कामी येते. तिथून सरळ रस्त्याने नदीवर, सांत आंजेलोच्या पुलावरून पियात्सा नवोना आणि पँथिऑन. वाटेत जागोजाग लोखंडी नळ वाहत असतात, त्यांचं पाणी पिण्याचं आहे. बाटली विकत घ्यायची गरज नाही. परतताना ६४ क्रमांकाची बस सान पिएत्रो स्टेशनापर्यंत जाते. खिसेकापूंसाठीही ती प्रसिद्ध आहे, तेव्हा पाठीवरची पिशवी पोटावर घ्या.

तेर्मिनीहूनच परतणार असाल, तर चिवितावेक्कियाच्या गाड्या मुख्य दालनापासून दूर, पंचविसाच्या पुढच्या फलाटांवरून सुटतात. तिथवर चालायलाच दहा मिनिटं जातात. फलकावर चिवितावेक्किया असं मोठ्या अक्षरांत दिसेलच असं नाही. गाडी पुढे पिसा किंवा ग्रोसेतोला जाणारी असते, तेच नाव वर असतं.

नेपल्सची गोष्ट याच्या अगदी उलट. इथे जहाज थेट शहराच्या उंबरठ्यावर लागतं. समोर रस्त्यापलीकडे कास्तेल नुओवोचे बुरूज. म्हणूनच स्वतःहून फिरण्याची सुरुवात करायला याच्याइतकं चांगलं बंदर नाही. घाबरायला झालं तर चालत जहाजावर परत येता येतं.

पॉम्पेईला जायचं असेल तर किल्ल्याशेजारच्या म्युनिचिपिओ स्टेशनावरून मेट्रोच्या पहिल्या लाइनने तिसऱ्या स्टेशनावर, गारिबाल्दीला उतरायचं. तिथे चिर्कुमवेसुव्हियाना या उपनगरी रेल्वेच्या पाट्या दिसतात. सोरेंतोची गाडी पकडायची आणि ‘पोंपेई स्कावी–व्हिला देई मिस्तेरी’ला उतरायचं. नुसतं ‘पोंपेई’ नाव असलेली वेगळी स्टेशनंही आहेत, ती आजच्या पोंपेई गावाची. प्रवास पाऊण तासाच्या आतला. गाड्या जुन्या, उन्हाळ्यात तापलेल्या आणि खच्चून भरलेल्या. हंगामात याच मार्गावर कंपानिया एक्सप्रेस धावते. तिचं भाडं जास्त, पण बसायला जागा मिळते. सोबत आईवडील असतील तर तीच घ्या.

स्टेशनाबाहेर पडलं की पोर्ता मरीना हे प्रवेशद्वार समोरच आहे. नोव्हेंबर २०२४ पासून इथे दिवसाला २०,००० लोकांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं. तेव्हा तिकीट आधी काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेलं हे शहर ६६ हेक्टरांवर पसरलेलं आहे. त्याचा दोन-तृतीयांश भाग उघडा झालाय. सगळं पाहायला गेलात तर उन्हात दमाल आणि काहीच लक्षात राहणार नाही. फोरमवरून व्हिया देल्ल’आबोंदांत्सा या मुख्य रस्त्याने चालत जा, स्ताबियन स्नानगृह पाहा, नाट्यगृहात थोडं बसा. त्या रस्त्यावर एका चौकात थांबून खाली बघा. काळ्या फरशांमध्ये गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या बोटभर खोल आहेत. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड रोवलेत, म्हणजे रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात पाय भिजू नयेत. आणि त्या दगडांमधल्या फटी चाकं जातील इतक्याच ठेवल्यात. बाजूला दगडी हौद आहे. हे नीट पाहायला दहा मिनिटं पुरतात, पण गाइडच्या झेंड्यामागे धावताना तेवढीही मिळत नाहीत. स्वतःहून यायचं ते यासाठी.

वेळ कमी असेल किंवा फार चालवत नसेल तर त्याच लाइनवर आधी लागणाऱ्या एर्कोलानो स्कावीला उतरा. हर्क्युलेनियम लहान आहे, पण तिथे घरांचे वरचे मजले आणि जळून कोळसा झालेलं लाकूडकाम टिकलंय. माझं मत विचाराल तर अर्ध्या दिवसाच्या मुक्कामाला तेच बरं.

पिरियसला आता दोन मेट्रो येतात. हिरवी लाइन १ मोनास्तिराकीला नेते. निळी लाइन ३ ऑक्टोबर २०२२ मध्ये पिरियसपर्यंत आली. तिचं दिमोतिको थिआत्रो हे स्टेशन क्रूझच्या धक्क्यांना त्यातल्या त्यात जवळ. अक्रोपोलिसचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं. अलीकडच्या उन्हाळ्यांत तापमान फार चढलं की दुपारचे काही तास ते बंद ठेवावं लागलंय, म्हणून सकाळचीच वेळ घ्या. बार्सेलोनात बंदराची निळी बस कोलंबसच्या पुतळ्यापाशी, रांब्लाच्या तोंडाशी सोडते. साग्रादा फमिलियाचं तिकीट घरूनच काढलेलं हवं. माल्टात व्हॅलेट्टाला तर गाडीचा प्रश्नच नाही. धक्क्याजवळून बाराक्का लिफ्ट तटबंदीवरच्या बागेत नेऊन सोडते. लिव्होर्नोहून पिसा गाडीने वीस मिनिटांच्या आत येतं, फ्लॉरेन्सला सव्वा ते दीड तास लागतो. त्याआधी बंदराची शटल आणि मग स्टेशनची बस असा दुहेरी टप्पा आहे. तिथे मुक्काम आखूड असेल तर पिसा आणि लुक्का यांवरच समाधान मानावं.

सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. लहान होड्यांतून उतरवतात आणि वर फिरा गावात जायला केबल कार किंवा सुमारे ६०० पायऱ्या. खेचरंही असतात, पण त्या चढावर उन्हात माणसं वाहणाऱ्या जनावरांकडे पाहिलं की त्यांवर बसवत नाही. चार-पाच जहाजं एकाच दिवशी आली की संध्याकाळी केबल कारची रांग तासाच्या वर जाते. इथे परतीचा हिशेब त्या रांगेपासून सुरू करायचा.

वारांकडे आधीच लक्ष द्या. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. बुधवारी सकाळी पोपची सभा असली की सेंट पीटर्समध्ये दुपारपर्यंत जाता येत नाही. फ्लॉरेन्सची उफित्सी सोमवारी बंद, नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी. इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर होतो आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. मधल्या वेळची खात्री नाही, म्हणून संपाच्या दिवशी रोमला न जाता जहाजाची सहल घ्यावी किंवा बंदराच्या गावातच फिरावं.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी मार्गातले देश नीट वाचायला हवेत. ग्रीसमधून निघून तुर्कीच्या कुशादासीला जाऊन परत ग्रीसला येणारी जहाजं पुष्कळ आहेत. त्यासाठी शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. युरोपचं सिम इटली, ग्रीस, माल्टात चालतं, तुर्कीत बहुधा नाही. जहाज किनारा सोडतं तेव्हा फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रातलं उपग्रहाचं नेटवर्क नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा धरलेलं नसतं आणि बिल भयंकर येतं.

काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात. तसं असेल तर उतरताना जहाजाचं कार्ड, पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती, फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र, रोजची औषधं आणि एक क्रेडिट कार्ड एवढं अंगावर असायलाच हवं. इतकं करूनही जहाज चुकलंच, तर धक्क्यावर परतून बंदरातल्या एजंटला गाठायचं. त्याचा नंबर त्या दिवसाच्या पत्रकात छापलेला असतो. प्रवासी आला नाही असं लक्षात आलं तर कर्मचारी बहुधा त्याचा पासपोर्ट एजंटकडे ठेवून जातात. पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावं लागतं. विम्यात त्याची सोय आहे का, हे निघण्याआधी वाचून ठेवा. एजंटचा नंबर फोनमध्ये ठेवाच, पण पेनाने कागदावर लिहून बरोबरच्या प्रत्येकाच्या खिशातही द्या, कारण संध्याकाळी पाचपर्यंत फोनची बॅटरी टिकेलच असं नाही.