ध्वनीची गणिते : लॅपटॉपवर हरवणारा पखवाज

पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा लेप दिला की तिचा नाद खाली उतरतो आणि भरदार होतो. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणात आणि बेलवाडीच्या गोल रिंगणात हा नाद टाळांच्या गजराखालून छातीला जाणवतो. त्याच सोहळ्याचे उत्तम ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर लावले, तर टाळ कानाला टोचतात आणि डावी पुडी जवळजवळ नाहीशी होते.

दोष स्पीकरच्या आकाराचा आहे. ध्वनीची पातळी तीच ठेवून वारंवारिता निम्मी केली, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. लॅपटॉपमधल्या चिमुकल्या पडद्याला तेवढी जागाच नसते, त्यामागची बंद हवाही थोडी असते. म्हणून साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली आवाज झपाट्याने पडतो. पखवाजाच्या डाव्या बाजूचा मूळ स्वर बहुधा याच पट्ट्यात असतो.

अशा वेळी इक्वलायझरमध्ये बास वाढवण्याचा मोह होतो. तो टाळावा. बारा डेसिबलची वाढ म्हणजे सोळा पट विद्युतशक्ती. तिने पडदा आपल्या मर्यादेला जाऊन आदळतो, आवाज फाटतो आणि कॉइल तापते.

खरी वाट कानाच्या स्वभावातून जाते. 300, 400 आणि 500 हर्ट्झचे स्वर एकत्र ऐकू आले, की त्यांत नसलेला 100 हर्ट्झचा स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. जुन्या टेलिफोनवर 300 हर्ट्झच्या खालचे फारसे काही जात नसे, तरी पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटे, तो यामुळेच. मात्र हे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत हवेत. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर तसे नसतात. पुडीवरच्या काळ्या शाईच्या लेपामुळे भारतीय चर्मवाद्यांत ते तसे होतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये आणि पुढे 1934 च्या निबंधात दाखवले. लॅपटॉपवर हेच काम सॉफ्टवेअर करते: खालचा पट्टा वेगळा काढून त्याचे उपस्वर तयार करते आणि स्पीकरला पेलतील अशा पट्ट्यात मिसळते.

लिनक्सवर यासाठी पाइपवायर या ध्वनिव्यवस्थेवर चालणारे ईझीइफेक्ट्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे मुक्त साधन इक्वलायझर आणि फिल्टर एवढ्यासाठी पुरेसे आहे. ईझीइफेक्ट्समध्ये प्रक्रियांचा क्रम फार महत्त्वाचा. आधी बास एन्हान्सरने उपस्वर काढायचे, त्यानंतर हाय-पास फिल्टरने निरुपयोगी खालचा पट्टा कापायचा. हा क्रम उलटला, तर उपस्वर ज्यापासून काढायचे तेच आधी निघून जाते. मग इक्वलायझरने टोचणारी शिखरे खाली आणायची. टाळांचा त्रास बहुतेकदा दोन ते पाच किलोहर्ट्झमधल्या एखाद्या अरुंद शिखरामुळे असतो आणि तिथे तीन-चार डेसिबलची कपातही पुरते. वाढवण्यापेक्षा कापणे केव्हाही चांगले. कॉम्प्रेसर माफक ठेवावा, नाहीतर टाळ आणि अभंगाचे शब्द एकाच पातळीवर सपाट होतात. लिमिटर साखळीत सर्वांत शेवटी.

या तंत्राचा सर्वांत काटेकोर नमुना म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिप असलेल्या मॅकबुकवर लिनक्स आणणारा असाही लिनक्स हा प्रकल्प. त्यात बँक्सटाउन हे प्लगइन बासचा भास निर्माण करते, तर स्पीकरसेफ्टीडी हा प्रोग्राम कॉइलच्या तापमानाचा सतत अंदाज घेऊन गरज पडताच आवाज कमी करतो. प्रत्येक मॉडेलचे स्पीकर मोजून तिथे वेगळे फिल्टर बनवलेले आहेत. म्हणूनच एका लॅपटॉपसाठी दुसऱ्याने बनवलेली प्रीसेट फाइल तशीच वापरून चांगले फळ मिळेलच असे नाही.

ही सारी दुरुस्ती ऐकण्याच्या टोकाची आहे. रिंगणाच्या चित्रफिती संपादित करणाऱ्यांनी ही साखळी बंद ठेवूनच काम करावे आणि पखवाजाची पारख चांगल्या हेडफोनवर करावी. लॅपटॉपसाठी केलेले फेरफार मूळ मुद्रणात उतरले, तर मोठ्या स्पीकरवर तोच पखवाज बेसूर ऐकू येतो.